बेसबॉल कळत नाही, तरी बेसबॉलची पुस्तकं वाचावीत का? सुरुवात कुठून करावी?

हो, जरूर वाचावीत. तुम्ही लिहिलंय की ‘मनीबॉल’ सिनेमा पाहिला, आवडला, पण खेळातलं ओ की ठो कळत नाही. मग अमेरिकेत या एका खेळावर इतकी पुस्तकं आणि इतके सिनेमे का निघतात, आणि पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारताय.

मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, त्यामुळे पिचर (चेंडू टाकणारा), बेस (धाव घेताना गाठायचे टप्पे), स्ट्राइक (फलंदाजाचा हुकलेला किंवा त्यानं सोडलेला चांगला चेंडू) हे शब्द कानावर होते. पण बेसबॉलची गोडी मला मैदानावर लागली नाही. नोकरीनिमित्त काही वर्षं न्यू जर्सीत होते. तिथल्या आमच्या ग्रंथालयात काढून टाकलेली पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर मांडलेली असत, एका डॉलरला एक. त्यातून लॉरेन्स रिटर यांचं ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ मी उचललं ते केवळ आतले जुने फोटो बघून. दोन रात्रींत संपवलं.

रिटर हे न्यूयॉर्क विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. 1961 साली टाय कॉब हा जुना दिग्गज वारला, त्याच सुमारास रिटर यांचे वडीलही गेले. ही पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे, हे त्यांच्या मनाला लागलं. टेपरेकॉर्डर घेऊन ते देशभर हिंडले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळलेल्या म्हाताऱ्यांना शोधून काढलं आणि त्यांना बोलू दिलं. 1966 साली पुस्तक आलं. लेखकाचा आवाज त्यात जवळजवळ नाहीच. घरातले आजोबा ओसरीवर बसून सांगत असावेत तसं प्रत्येक प्रकरण चालतं.

त्यात फ्रेड स्नॉडग्रास भेटतो. 1912 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणाऱ्या मालिकेचा, निर्णायक सामना, दहावी इनिंग, त्याचा न्यूयॉर्क जायंट्स संघ एका धावेनं पुढे. हातात येणारा सोपा झेल त्यानं सोडला. पुढच्याच फलंदाजाचा अवघड झेल त्यानं धावत जाऊन टिपला, पण व्हायचं ते होऊन गेलं आणि बोस्टन जिंकलं. नंतर हा माणूस बँकेत अधिकारी झाला, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावाचा महापौर झाला. तरीही 1974 मध्ये तो वारला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युलेखाच्या मथळ्यात तोच सुटलेला झेल होता. बासष्ट वर्षांनंतर! आपल्याला हे समजायला बेसबॉल यावं लागत नाही. चेतन शर्मानं 1987 च्या वर्ल्ड कपमध्ये नागपूरला हॅटट्रिक घेतली, पण त्याचं नाव निघालं की लोकांना आधी शारजाचा शेवटचा चेंडूच आठवतो.

इतकं लिहिलं का गेलं, याचं माझं उत्तर इथेच आहे. बेसबॉलचं चांगलं साहित्य हे हरलेल्यांचं साहित्य आहे. अमेरिकेत शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेली या खेळावरची कविता, ‘केसी ॲट द बॅट’, 1888 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात आली. अख्ख्या गावाची भिस्त ज्या केसीवर, तो शेवटी बाद होतो, कविता संपते. ज्या खेळाची सगळ्यात लाडकी कविता नायकाच्या फजितीची आहे, त्या खेळात लेखकांना खाद्य मिळणारच.

खेळाची घडणही तशीच आहे. दहापैकी तीन वेळा चेंडू मारून बेस गाठणारा फलंदाज उत्तम समजला जातो, म्हणजे उत्तम खेळाडूही सात वेळा मान खाली घालून परत येतो. हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने, म्हणजे आज हरलं तर उद्या पुन्हा मैदानात. घड्याळ लावून सामना संपवत नाहीत. दोन चेंडूंच्या मध्ये मोकळा वेळ असतो, त्यात प्रेक्षक गप्पा मारतो, आठवणी काढतो, वहीत नोंदी करतो. नोंदींचा हा नाद तर थेट आपल्या ओळखीच्या घरातून आला. सामन्याचा गोषवारा देणारा ‘बॉक्स स्कोअर’ रुजवणारे हेन्री चॅडविक जन्मानं इंग्रज, आणि बेसबॉलकडे वळण्याआधी न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या द्यायचे.

आता ज्या पुस्तकासाठी मी कुणाच्याही मागे लागते ते सांगते: रॉजर कान यांचं ‘द बॉइज ऑफ समर’, 1972. कान ब्रुकलिनमध्येच वाढलेले. तरुणपणी 1952 आणि 1953 असे दोन हंगाम ते ब्रुकलिन डॉजर्स संघाबरोबर बातमीदार म्हणून फिरले. हा तोच संघ, ज्यात 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन उतरला आणि आधुनिक मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधली, काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडली. कान यांच्या दोन्ही वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले आणि दोन्ही वर्षी न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाकडून हरले. 1955 मध्ये ते अखेर जिंकले, तेव्हा कान हे काम सोडून गेलेले होते. 1957 च्या हंगामानंतर संघच लॉस अँजेलिसला गेला आणि 1960 मध्ये जुनं स्टेडियम पाडलं गेलं.

मग पुष्कळ वर्षांनी कान त्या खेळाडूंना एकेक करून भेटायला निघतात. पुस्तकाचा हा उत्तरार्ध मला आजही सलग वाचवत नाही. उजव्या कोपऱ्यातून ज्याची फेक बघायला लोक यायचे तो कार्ल फुरिलो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवतोय. तिसऱ्या बेसवरचा जादूगार बिली कॉक्स पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या गावी बारमध्ये पेले भरतोय. यष्टिरक्षकाच्या जागी उभा राहणारा रॉय कॅम्पानेला 1958 च्या मोटार अपघातापासून चाकाच्या खुर्चीत आहे. आणि रॉबिन्सन! जगाच्या शिव्या पचवलेल्या त्या माणसाचा थोरला मुलगा व्हिएतनाम युद्धावरून व्यसन घेऊन परतला, मोठ्या कष्टानं त्यातून बाहेर आला आणि 1971 मध्ये अपघातात गेला. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनही गेला. पुस्तकात कान यांचे वडीलही आहेत, बेसबॉलवर बोलता बोलता मुलाशी जोडले गेलेले. माझे वडील मला रेडिओवरच्या कॉमेंट्रीजवळ बसवायचे. ती पानं वाचताना मला तेच दिसत होते.

‘बॉल फोर’ वेगळ्या जातीचं आहे. जिम बाउटन यांची 1969 च्या हंगामाची ही डायरी. यांकीजसाठी एका हंगामात 21 सामने जिंकून दिलेला हा पिचर, खांदा-हात गेल्यावर सिअ‍ॅटल पायलट्स नावाच्या नव्या संघात कसाबसा टिकून राहायला धडपडतो. खेळाडूंच्या खोलीतली दारू, उत्तेजक गोळ्या, पगाराची घासाघीस, मिकी मँटलसारख्या देवाचं माणूसपण, हे सगळं 1970 मध्ये छापून आलं आणि गहजब झाला. बेसबॉलच्या कमिशनरनी त्यांना बोलावून घेतलं आणि हे सारं खोटं आहे असं लिहून द्यायला सांगितलं. बाउटन यांनी दिलं नाही. तो पायलट्स संघ मात्र एकच हंगाम जगला आणि मिलवॉकीला गेला.

सिनेमांचं म्हणाल, तर सिनेमाला नायक जिंकलेला लागतो. बर्नार्ड मॅलमड यांच्या ‘द नॅचरल’ या 1952 च्या कादंबरीत रॉय हॉब्ज शेवटी बाद होतो. 1984 च्या सिनेमात तोच हॉब्ज, रॉबर्ट रेडफर्डच्या रूपात, असा होम रन (आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारतो की मैदानाचे दिवे फुटून ठिणग्यांचा पाऊस पडतो. दृश्य सुंदरच आहे, पण मॅलमडला जे म्हणायचं होतं त्याच्या ते नेमकं उलट आहे. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ मात्र मला मनापासून आवडतो, आणि त्याचं कारण डॉक्टर ग्रॅहम. हा माणूस खराखुरा होता. 1905 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून तो एकच सामना खेळला, तोही फलंदाजीला न येता, आणि नंतर मिनेसोटातल्या चिझम गावात आयुष्यभर डॉक्टरकी केली. हा सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय तिचे लेखक किन्सेला यांना बेसबॉलच्या कोशात ही एका ओळीची नोंद सापडली आणि त्यांनी त्याला कादंबरीत आणलं.

तुमच्या ‘मनीबॉल’चं मायकेल लुइस यांनी लिहिलेलं मूळ पुस्तक 2003 चं. सुमारे 4 कोटी डॉलर पगारखर्च असलेला ओकलंडचा संघ साडेबारा कोटींच्या यांकीजशी कसा झुंजला, याचा हिशेब सिनेमापेक्षा पुस्तकात कितीतरी खोलात आहे. कॅन्सासच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करता करता बेसबॉलची आकडेमोड करणारे बिल जेम्स तिथे नीट भेटतात. पण पुस्तकाचा जीव ओकलंड संघाचा व्यवस्थापक बिली बीन याच्या खेळाडू म्हणून पडण्यात आहे. देखणी शरीरयष्टी बघून जाणत्यांनी ज्याला भावी तारा ठरवलं, तो मैदानावर फसला, आणि म्हणूनच नुसतं दिसण्यावर भाळायचं नाही हे तो शिकला. 2002 मध्ये सलग 20 सामने जिंकूनही त्याचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरला.

बेसबॉल आपल्या बोलण्यात आधीच शिरलेला आहे, हेही लक्षात घ्या. ऑफिसात ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा मागतात, ती तिथली. ‘पिंच हिटर’ शब्द 1992 च्या क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडच्या ग्रेटबॅचमुळे आपल्या घराघरात पोचला. बेसबॉलमध्ये त्याचा अर्थ दुसऱ्याच्या जागी फलंदाजीला उतरणारा बदली खेळाडू, क्रिकेटनं तो उचलून सुरुवातीलाच आडवेतिडवे फटके मारणाऱ्याला लावला.

तुमच्यासाठी माझा क्रम असा: आधी रिटर, मग कान, मग ‘मनीबॉल’. ‘बॉल फोर’ला थोडी ओळख झाल्यावर हात घाला, त्यात खेळाडूंची नावं भराभर येतात. नियम फारसे लागत नाहीत. तीन स्ट्राइकला फलंदाज बाद, तीन फलंदाज बाद झाले की डाव पालटतो, चार बेस फिरून घरी आलं की एक धाव, एवढ्यावर पहिली शंभर पानं निभावतात.

रिटर यांच्या मूळ मुलाखतींचं ध्वनिपुस्तकही निघालेलं आहे, त्यात त्या म्हाताऱ्यांचे स्वतःचे आवाज आहेत. मी छापील पुस्तक वाचल्यानंतर ते ऐकलं. तुम्ही आधी ऐकलंत तरी चालेल. बोली जुनी आहे, एखादं वाक्य निसटतं, तेव्हा मागे घेऊन पुन्हा ऐका. ऐकताना समोर पुस्तकाचं तेच प्रकरण उघडून ठेवा, म्हणजे बोलणाऱ्याचा तरुणपणीचा फोटोही डोळ्यांसमोर राहील.