रिपोर्ट आत्याला का दाखवलात?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले. एका सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर चाचणी करून घेतली, रिपोर्टमध्ये 'एकाग्रता कमी' आलं. तिच्या आत्यालाही दाखवला, तीही म्हणाली बरोबर आहे. रिपीटसाठी लातूर बरं की पुणे? सध्या ती लॅपटॉपवर तसल्याच चाचण्या बनवत बसते. चुलत भावंडांना समोर बसवून वहीत आकडे लिहिते. बालवाडीतल्या पुतण्यालाही सोडत नाही, त्याला तर वाचताही येत नाही. – एक पालक, कराड

उत्तर : लातूर की पुणे हे नंतर बघू. मला खुपलं ते आत्याचं वाक्य. मुलीच्या मनाविषयीचा कागद तुम्ही नातेवाइकांत फिरवलात. आता ती कुठेही अडखळली की कुणीतरी म्हणणार, 'एकाग्रताच कमी आहे हिची.' नीटच्या मार्कांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. आणि तिला रिपीट करायचं आहे का, हे एवढ्या पत्रात कुठेच नाही.

त्या रिपोर्टवर तुम्ही ठेवलेला विश्वास चुकीचा आहे. अशा चाचण्या मुळात प्रयोगशाळेतल्या. उदाहरणार्थ, मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांची चाचणी 1935 सालची : शब्द 'हिरवा', पण छापलेला लाल शाईत, आणि सांगायचा शाईचा रंग. वाचता येणारा माणूस वाचल्याशिवाय राहू शकत नाही, म्हणून उत्तराला उशीर होतो. तो उशीर मिलिसेकंदांत मोजतात. बऱ्याच जणांची सरासरी काढली की फरक हमखास दिसतो. पण एकेकट्या माणसाचा आकडा तितका भरवशाचा नसतो. हेज, पॉवेल आणि समनर या संशोधकांनी 2018 मध्ये अशा चाचण्यांबद्दल हेच दाखवलं : त्याच माणसाची काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तर आकडे पुरेसे जुळत नाहीत. त्यात साधा स्क्रीन सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलतो, म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंदांचा खेळ तिथेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही अशा चाचण्या वापरतात, पण मुलाखत, पूर्वीची माहिती आणि इतर चाचण्या जोडीला घेऊन. एका बैठकीवरून मुलीचं करिअर सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय.

आता पुतण्याचं. तिची चाचणी स्ट्रूपसारखी असेल, तर त्याला वाचता येत नाही म्हणूनच तिनं त्याला बसवलं असणार! अक्षरओळख नसलेल्या पोराला 'हिरवा' हा शब्द आडवा येत नाही, तो सरळ 'लाल' म्हणून मोकळा होतो. उशीर वाचनामुळे होतो की आणखी कशामुळे, हे तपासायला असाच कुणीतरी लागतो. हे तिला कुणी शिकवलं नसेल, तर तुमच्या घरात संशोधनाची जाण असलेली मुलगी आहे.

नीट रिपीट हा रस्ता आहेच, पण तिला हवा असेल तरच. दुसरा रस्ता मानसशास्त्राचा. बीए सातारा-सांगलीकडे राहूनही होतं, सोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संख्याशास्त्र पक्कं करावं. पुढे कॉग्निटिव्ह सायन्ससाठी, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात याच्या अभ्यासासाठी, आयआयटी गांधीनगर, अलाहाबाद विद्यापीठ आहेत. नोकऱ्या झटपट मिळत नाहीत, संशोधनात जायचं तर पीएचडीपर्यंत दम धरावा लागतो. तुम्ही तेवढी वर्षं तिला देणार का, यावर घरात बोला, तिला समोर बसवून.

आणि मुली, तुझ्यासाठी : अशा चाचण्या बनवायचं सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. शब्दांचा क्रम प्रत्येकाला वेगळा लाव, आधी सरावाच्या फेऱ्या दे, चुकलेली उत्तरं वेगळ्या रकान्यात ठेव. पुतण्याला 'लाल', 'हिरवा' रंग नीट सांगता येतात ना, ते मात्र आधी बघ.