बोअरच्या पाण्यातील आर्सेनिक काढणारी यंत्रणा घरात असताना पाणी दरवर्षी तपासावे लागते का?

आपण विचारले आहे की, न्यू जर्सीतील हंटरडन काउंटीत घेतलेल्या घरात आधीच्या मालकाने आर्सेनिकसाठी दोन टाक्यांची यंत्रणा बसवलेली आहे आणि टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडाही चांगला येतो, तर पाणी पुन्हा तपासायची गरज काय. गरज आहे, आणि टीडीएस मीटरचा या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही.

शेजारच्या सॉमरसेट काउंटीत आमचे घरही बोअरच्या पाण्यावर चालते, आणि याच मीटरवरून माझे थोरले दीर आणि मी यांच्यात दीर्घकाळ वाद चालू होता. भावजी आले की पेल्यात मीटर बुडवायचे आणि ‘पाणी उत्तम आहे, प्रयोगशाळेला पैसे कशाला देता?’ असे विचारायचे. वार्षिक कराराचा सर्व्हिसवालाही तेच सांगून कार्डावर ‘ठीक’ लिहून जाई. शेवटी मी तळघरात जाऊन टाक्यांच्या आधीच्या नळाचे आणि दुसऱ्या टाकीनंतरचे असे दोन पेले भरले व भावजींच्याच हातून मीटर लावून घेतला. दोन्हींचा आकडा जवळपास सारखाच आला. येणारच, कारण टाकीतले लोह किंवा टायटॅनियम ऑक्साइडचे दाणे आर्सेनिक धरून ठेवतात, बाकीचे क्षार तसेच पुढे जातात. शिवाय मीटर मोजतो मिलिग्रॅममध्ये आणि आर्सेनिकचा हिशेब असतो मायक्रोग्रॅममध्ये.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला: कच्च्या पाण्यात लिटरमागे 19 मायक्रोग्रॅम, पहिल्या टाकीनंतर 6, दुसरीनंतर काहीही नाही. या राज्याची मर्यादा 2006 पासून 5 आहे, म्हणजे केंद्रीय मर्यादेच्या निम्मी. पहिली टाकी संपत आली होती आणि आम्ही दुसरीच्या भरवशावर पाणी पीत होतो. आम्ही पहिली काढली, दुसरी तिच्या जागी आणली आणि नवी तिच्यामागे जोडली.

म्हणून वर्षातून एकदा तरी तिन्ही ठिकाणचे नमुने द्या, आणि पैसे वाचवायचेच असतील तर निदान दोन टाक्यांमधल्या नळाचा नमुना चुकवू नका, कारण धोक्याची सूचना तिथेच सर्वांत आधी मिळते. घर विकताना तपासणी करण्याची सक्ती 2002 पासून आहे, पण ती कच्च्या पाण्याची; आपल्या हातातला तो अहवाल यंत्रणेबद्दल काहीच सांगत नाही. घरात कोणी ‘उकळून प्या’ म्हणाले तर ऐकू नका, कारण पाण्याची वाफ होते आणि आर्सेनिक भांड्यात राहते.

एक मात्र आधी पाहून घ्या: आपल्या टाक्यांत शोषक दाण्यांऐवजी आयन एक्स्चेंजचे रेझिन (आर्सेनिक धरून त्याच्या बदल्यात दुसरा घटक पाण्यात सोडणारे मणी) असेल, तर त्याची क्षमता संपल्यावर पाण्यातले सल्फेट साठलेल्या आर्सेनिकला बाहेर ढकलते आणि नळाचे पाणी कच्च्या पाण्यापेक्षाही वाईट होऊ शकते; अशा यंत्रणेसाठी वर्षभर थांबणे फार होते.