काळ्या मातीवरचे शाळेचे मैदान: मुरमाआधी पाण्याची वाट

नमस्कार सर,

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की परभणी जिल्ह्यातील आपल्या शाळेचे 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद मैदान काळ्या रानात आहे. पावसाळ्यात त्यावर आठ-आठ दिवस पाणी थांबते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला आहे, कंत्राटदार सहा इंच मुरूम टाकून रोलर फिरवून देतो म्हणतो, आणि काही पालकांना तेथे हिरवळ हवी आहे. क्रीडाशिक्षक म्हणून मराठवाड्यातील चार शाळांची मैदाने मी सांभाळली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे, की मुरूम टाकणे हे या कामाचे शेवटचे पाऊल आहे आणि कंत्राटदार आपल्याला तेथूनच सुरुवात करायला सांगत आहे.

हीच चूक मी स्वतः केलेली आहे. एका तालुक्याच्या गावी आम्ही ऐन मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर मुरूम पसरला, वरवर रोलर फिरवला आणि समाधानाने फोटो काढले. मृगाचा पाऊस झाल्यावर बराच मुरूम भेगांत उतरला, खालची माती फुगून मुरमाच्या फटींतून वर आली, आणि 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणाला मुलांचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. पहिल्या सरींनंतर भेगा मिटल्या की तिच्यातून पाणी खाली झिरपण्याचा वेग जवळजवळ संपतो. म्हणून अशा मैदानाचे पाणी जमिनीत जिरवण्याची आशा धरू नये. ते पृष्ठभागावरून उताराने बाहेर काढावे लागते.

सर्वांत आधी मैदानात बाहेरून येणारे पाणी अडवावे. शाळेचे छत मैदानाकडे उतरते असेल, तर 300 चौरस मीटर छतावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 15,000 लिटर पाणी एकाच कोपऱ्यात येऊन पडते. ते पन्हाळीने गोळा करून, गाळून, बोअरच्या पुनर्भरणाला वळवावे. चढाच्या बाजूने शेतातील पाणी येत असेल तर कडेने चर खणून ते बाहेरच्या बाहेर काढून द्यावे. एवढ्या कामानेही अर्धी दलदल कमी झालेली मी पाहिली आहे.

त्यानंतर उतार. मैदान मध्यावर उंच आणि दोन्ही लांब कडांकडे उतरते, म्हणजे कासवाच्या पाठीसारखे, करावे. 100 ला 1 असा उतार धरला तर 35 मीटरच्या अर्ध्या रुंदीत मध्यभाग कडेपेक्षा 35 सेंटिमीटर उंच येतो. हा उतार खालच्या मातीलाच द्यावा आणि मुरमाचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा ठेवावा, कारण मुरमाने उतार साधायला गेलात तर कडेला दोन बोटेही थर उरत नाही. (स्पर्धेच्या धावपट्टीचा उतार आतल्या बाजूला असतो, आणि तोही 100 ला 1 पेक्षा जास्त चालत नाही; शाळेच्या सरावाला कासवपाठीची अडचण येत नाही.) गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी आणि सुतळी घेऊन दर दहा मीटरवर खुंट्या ठोकून घ्या. नजरेने काढलेला उतार पहिल्या पावसात उघडा पडतो.

मातीचे काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करावे. हरळी, लव्हाळा आणि गाजर गवत मुळांसकट काढून वरची माती रोटाव्हेटरने भुसभुशीत करावी, म्हणजे भेगा मोडतात. मग पाणी मारून ती योग्य ओलाव्यावर आली की रोलरने दाबावी. योग्य ओलावा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती घट्ट दाबा. लाडवासारखा गोळा झाला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. गोळा फुटला तर पाणी कमी आहे, बोटांना चिखल लागला तर एक दिवस थांबा. पाणी जास्त काळ थांबणाऱ्या जागी मातीच्या वजनाच्या तीन-चार टक्के चुना वरच्या 15 सेंटिमीटर थरात मिसळल्यास मातीचे फुगणे बरेच कमी होते. वाळू मात्र मिसळू नये, कारण चिकणमातीत थोडी वाळू पडली की ती सुकल्यावर विटेसारखी कडक होते. तलावातील फुकट मिळणारा गाळही घेऊ नका. शेताला तो सोने आहे, पण मैदानावर तो काळ्या मातीवर आणखी काळी माती एवढेच करतो.

आता मुरूम. 7,000 चौरस मीटरवर 15 सेंटिमीटरचा दाबलेला थर म्हणजे 1,050 घनमीटर, अर्थात सुमारे 370 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). मोकळा मुरूम दबून कमी होतो, म्हणून गाडीच्या मापाने 460 ब्रासच्या आसपास लागेल. कंत्राटदाराचे सहा इंच मोकळ्या मुरमाचे आहेत की दाबलेल्या, हे दरपत्रकात लिहून घ्या. सगळी फसगत तेथेच होते. खाली 10 सेंटिमीटर कठीण मुरूम आणि वर 5 सेंटिमीटर चाळलेला मऊ मुरूम असावा, प्रत्येक थर स्वतंत्रपणे पाणी मारून दाबावा. माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे दोन्ही थर मिसळू न देणारे कृत्रिम धाग्यांचे कापड, अंथरणे परवडले तर उत्तमच. गौण खनिजाची, म्हणजे मुरूम उचलण्याची, तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या शाळेच्या दप्तरी ठेवा. इमारतीजवळ रोलरचे कंपन बंद ठेवायला सांगा, नाहीतर भिंतींना तडे जातात.

निधी अपुरा पडत असेल तर सगळीकडे पातळ थर देण्यापेक्षा अर्धेच मैदान नीट करावे. 400 मीटरची आठ पदरी प्रमाण धावपट्टी 177 बाय 92.5 मीटर जागा घेते, ती येथे बसणारच नाही. परंतु 18 मीटर त्रिज्या आणि 42.82 मीटरच्या दोन सरळ बाजू घेतल्या, तर फक्कीने (पांढऱ्या पुडीने) आखलेल्या आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटरवर मोजून बरोबर 200 मीटर भरतात, आणि 1.22 मीटरच्या चार पट्ट्यांसह सगळे 88.6 बाय 45.8 मीटरमध्ये मावते. तिच्या आत 27 बाय 16 मीटरचे खो-खोचे आणि 13 बाय 10 मीटरचे कबड्डीचे मैदान सहज बसते. या दोन खेळांच्या जागेवर बारीक चाळणीची माती हवी, कारण मुले अनवाणी धावतात आणि एक खडा गुडघा फोडायला पुरेसा असतो. क्रिकेटची खेळपट्टी हवी असेल तर काढलेली काळी माती टाकून देऊ नका; 22 यार्डांच्या त्या पट्टीला हीच माती उपयोगी पडते.

हिरवळीबद्दल मी पालकांना स्पष्ट नकार देईन. सगळ्या मैदानाला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचे तर 35,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे साडेतीन टँकर होतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात गवतासाठी टँकर कोणत्या तोंडाने मागायचा? खो-खोला हिरवळ लागतही नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना त्याच खेळासाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. फारच आग्रह झाला तर मैदानाबाहेरच्या एका पट्टीत जूनमध्ये हरळीची मुळे वीतभर अंतरावर लावा. शेतकरी जिला शिव्या देतो ती हरळी येथे उपयोगी पडते, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसाला पुन्हा फुटते.

देखभालीसाठी निधीचा पाचवा हिस्सा आजच वेगळा काढा. पावसाळ्याआधी चर उपसणे, दसऱ्यानंतर ओल असतानाच एकदा रोलर फिरवणे, खेळाआधी संध्याकाळी पाणी शिंपडणे, एवढे नियमित झाले तर मैदान टिकते. फक्कीसाठी कळीचा चुना वापरू नका, तो डोळ्यांत गेला तर इजा होते. खडूची पूड वापरा. मैदानाचे खरे शत्रू म्हणजे लग्नाचे आणि सभांचे मांडव. खांबांचे खड्डे दुसऱ्या दिवशी माती ढकलून बुजवले जातात आणि पावसात त्यांत पाय मुरगळतो. मी अनामत रक्कम घेत असे आणि खड्डा मुरूम व पाणी घालून, पहारीने ठोकून भरल्यावरच ती परत देत असे. यावरून एका पुढाऱ्याची नाराजी पत्करावी लागली, पण खड्डे भरले गेले.

मैदानाचे पाणी ज्यात सोडायचे तो नाला कोणत्या बाजूला आहे आणि त्याचा तळ मैदानापेक्षा किती खाली आहे, हे मोजून येथेच कळवा. नाला एकाच बाजूला आणि उथळ असेल तर कासवपाठीऐवजी एकतर्फी उतार घ्यावा लागेल आणि मातीकामाचा हिशेब बदलेल.