‘लोकल’ आहे म्हणून सोडून द्यायचं का?

प्रश्न: आमच्याकडे आठ-दहा लिनक्स सर्व्हर आहेत आणि बघणारा मी एकटाच. कर्नलमधे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रिव्हिलेज एस्कलेशनचं (साध्या खात्यावरून सगळे अधिकार मिळवता येतील असं) काही सापडलं की सूचना येते, त्यात ‘लोकल’ असं लिहिलेलं असतं. तो शब्द वाचला की साहेब म्हणतात, बाहेरून कोणी येत नाही ना, मग रिबूट कशाला, बघू पुढच्या महिन्यात. काय सांगू त्यांना?

उत्तर: साहेबांचा घोळ त्या एका शब्दात आहे. लोकल म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर मशीनपुढे खुर्ची टाकून बसलेला माणूस येतो, पण इथे लोकल म्हणजे ज्याचा कोड त्या मशीनवर चालतोय तो, मग तो जगाच्या पाठीवर कुठेही बसलेला असो. वेबसाइटच्या फाइल अपलोडमधे एक छोटी चूक राहिली, तिथून कोणी स्वतःची स्क्रिप्ट चढवली की वेब सर्व्हरच्या खात्यावर तो आत आला, झाला लोकल. त्या खात्याला फारसं काही करता येत नाही हे खरं, पण म्हणूनच त्याला कर्नलचं भोक हवं असतं.

ही नुसती कल्पना नाही हो. २०१६ च्या ऑक्टोबरमधे डर्टी काऊ नावाचं लिनक्स कर्नलचं होल बाहेर आलं, तेही कागदोपत्री लोकलच होतं. ते फिल ओस्टर यांच्या हाती लागलं कसं, तर ते आपल्या सर्व्हरवर येणारा सगळा एचटीटीपी (म्हणजे वेबचा) ट्रॅफिक रेकॉर्ड करून ठेवत होते आणि त्या रेकॉर्डमधे अटॅकरने वरून चढवलेलं एक्स्प्लॉइट, म्हणजे होलचा फायदा घेणारा प्रोग्रॅम, सापडलं. म्हणजे लोकल होल आलं वेबवरून. आणि त्या चुकीचा फायदा घेता येत होता २००७ पासून! मूळ चूक त्याहून जुनी. २००७ च्याही आधी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एकदा दुरुस्त करून बघितली होती, पण दुसऱ्याच एका प्रोसेसरवर त्रास झाला म्हणून ती दुरुस्ती काढून टाकली गेली, हे त्यांनीच पॅचच्या नोंदीत लिहून ठेवलंय.

आता होतं काय ते बघा. कुठला प्रोग्रॅम कोणत्या युजरच्या नावावर चालतोय हे कर्नल स्वतःच्या मेमरीत एका आकड्याने लक्षात ठेवतो आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, आकडा ०. बहुतेक एक्स्प्लॉइटची सगळी मारामारी तेवढ्यासाठी, काहीतरी करून कर्नलच्या मेमरीत हात घालायचा आणि आपल्या आकड्याचा ० करायचा. याला अडवायला केएएसएलआर आहे, ज्याने कर्नल प्रत्येक बूटला मेमरीत वेगळ्या जागी बसतो, एसएमईपी आणि एसएमएपी आहेत, ज्यांच्यामुळे कर्नल युजरच्या मेमरीतला कोड चालवत नाही आणि तिथला डेटा परस्पर वाचत नाही. चांगल्या गोष्टी आहेत, चालूच ठेवा. पण त्यांच्या भरवशावर पॅच पुढे ढकलू नका, कारण डर्टी पाइप या नंतरच्या होलपुढे यातलं काहीच कामी आलं नाही.

डर्टी पाइपची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. डेव्हलपर मॅक्स केलरमन यांच्याकडे २०२१ मधे एक तक्रार आली की लॉगची झिप केलेली फाइल उघडत नाहीये. मग अधूनमधून अशा फाइल मिळत गेल्या, बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या, आणि प्रत्येकीत शेवटचे ८ बाइट तेवढे चुकीचे. ते ८ बाइट होते वेगळ्याच एका प्रोग्रॅमने पाइपमधे (एका प्रोग्रॅमचा डेटा दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीत) लिहिलेले, आणि त्या प्रोग्रॅमला त्या फाइलमधे लिहायची परवानगीच नव्हती! शेवटी कळलं की चूक कर्नलची. पाइपमधल्या प्रत्येक पानाला, म्हणजे मेमरीच्या तुकड्याला, एक फ्लॅग (खूण) असतो, ‘यात पुढचा डेटा जोडला तरी चालेल’ असं सांगणारा. नवीन पान घेताना तो पुसायचा राहिला होता. त्यामुळे फाइलचं पान पाइपमधे आणलं आणि मग पाइपमधे लिहिलं की ते थेट त्या फाइलच्या मेमरीतल्या प्रतीवर जाऊन पडायचं. फाइल फक्त वाचता येत असली तरी पुरे. पासवर्डची फाइल तर सगळ्यांनाच वाचता येते, तिच्यातली रूटची ओळ बदलली की संपलंच. मेमरीतले पत्ते शोधायला नकोत, मेमरी फोडायला नको, काही नाही. वर गंमत म्हणजे बदल नुसता मेमरीत, डिस्कवर जाईलच असं नाही, रिबूट झालं की पुरावाही गायब. ५.८ पासूनच्या कर्नलमधे हे चालायचं, मार्च २०२२ मधे जाहीर झालं.

तेव्हा साहेबांना एवढंच विचारा की आपल्या वेबसाइटमधे, तिच्या प्लगइनमधे, कुणाच्या चोरीला गेलेल्या पासवर्डमधे कधीच चूक निघणार नाही असं लिहून द्याल का. नसाल देणार तर आज रात्री रिबूट.

प्रश्न: मी अपडेट केलं, नवीन कर्नल इन्स्टॉल झाल्याचंही दिसतंय, तरी होल शोधणारा स्कॅनर लालच दाखवतो. स्कॅनर बिघडलाय का?

उत्तर: आधी ‘यूनेम -आर’ मारून बघा ताई, चालू कर्नल कोणता आहे ते. नवीन कर्नल डिस्कवर येऊन बसलाय पण मशीन चालतंय जुन्यावरच, असं निघेल बहुतेक. रिबूट करेपर्यंत कर्नलचा पॅच लागलेला नसतो. मीही एके काळी चारशे दिवसांचा अपटाइम मित्रांना दाखवत फिरायचो, नंतर डोक्यात प्रकाश पडला की चारशे दिवसांत आलेला एकही कर्नल पॅच आपल्याकडे लागलेला नाही, हेच आपण मिरवतोय. रिबूट अजिबातच जमत नसेल तर लाइव्ह पॅचिंग, म्हणजे चालू कर्नललाच पॅच लावणं, आहे, पण ते प्रत्येक दुरुस्तीला मिळत नाही, अधूनमधून रिबूट लागतंच.

रिबूटनंतरही लाल असेल तर उलटी शक्यता बघा. डिस्ट्रो, म्हणजे उबुंटूसारखे लिनक्सचे तयार संच, बऱ्याचदा जुन्याच व्हर्जनमधे दुरुस्ती आणून घालतात, आकडा जुना दिसतो पण होल बुजलेलं असतं आणि स्कॅनर नुसता आकडा बघून बोंब मारतो. तुमच्या डिस्ट्रोच्या सिक्युरिटी पानावर त्या होलचा सीव्हीई नंबर (प्रत्येक होलला मिळणारा ओळख क्रमांक) टाकून बघा, ते सांगतील ते खरं.

प्रश्न: आमचं सगळं कंटेनरमधे, म्हणजे एकाच मशीनवरच्या बंद कप्प्यांत, चालतं, एकमेकांपासून वेगळं. मग कर्नलच्या होलची आम्हाला काय भीती?

उत्तर: कंटेनर वेगळे, कर्नल एकच. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो, कंटेनर मात्र होस्टचाच, म्हणजे खालच्या मशीनचाच, वापरतात, म्हणून एकातून कर्नल फुटला तर शेजारचे सगळे गेले.

यात यूजर नेमस्पेस हा प्रकार नीट समजून घ्या. साध्या युजरलाही त्यातून स्वतःच्या छोट्या जगात रूट होता येतं. बाहेर त्याची काही किंमत नसते, पण त्या खोट्या रूटला कर्नलचे असे कोपरे उघडतात जिथे एरवी फक्त खरा रूट पोचतो. फायरवॉलचं एनएफ टेबल्स हा त्यातलाच एक कोपरा, सीव्हीई-२०२४-१०८६ तिथलंच, सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक. साध्या युजरला यूजर नेमस्पेस बंद केली तर असली बरीच होल्स पॅच यायच्या आधीच अटॅकरच्या आवाक्याबाहेर जातात. पण आंधळेपणाने बंद करू नका, ब्राउझरचा सँडबॉक्स आणि रूटलेस कंटेनर त्यावरच चालतात, आधी एका मशीनवर करून बघा. उबुंटूने २३.१० पासून मधला मार्ग काढलाय, अ‍ॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेतून ठरावीक प्रोग्रॅमनाच ती मिळते.

कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचं डिफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइलही (कर्नलकडे काय मागता येईल याची यादी) नवीन यूजर नेमस्पेस काढू देत नाही, म्हणून ते बंद करू नका, आणि काही चाललं नाही की ‘प्रिव्हिलेज्ड’ लावून, म्हणजे कंटेनरला सगळी मोकळीक देऊन, मोकळं व्हायची सवय असेल तर ती सोडा. साध्या युजरला बीपीएफही, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय, बंद ठेवा, त्याला ते क्वचितच लागतं. अनोळखी लोकांचा कोड चालवत असाल तर मात्र नुसते कंटेनर पुरणार नाहीत, कंटेनर आणि कर्नलमधे आणखी एक थर घालणारं जीव्हायझर किंवा सरळ व्हर्च्युअल मशीन घ्या.

प्रश्न: माझा एकच लॅपटॉप, विंडोजचा. हे सगळं सर्व्हरवाल्यांचंच ना?

उत्तर: नाही. विंडोजचा कॉमन लॉग फाइल सिस्टम नावाचा ड्रायव्हर आहे, त्यातलं होल वापरून नोकोयावा नावाचे रॅन्समवेअरवाले (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे) ‘सिस्टम’चे, म्हणजे विंडोजमधले सगळ्यात वरचे, अधिकार मिळवत होते, एप्रिल २०२३ मधे पॅच आला. दुसरी युक्ती आणखी बिलंदर, विंडोजमधे होल सापडत नसेल तर ते सोबत घेऊनच यायचं, म्हणजे रीतसर सही असलेला पण सदोष ड्रायव्हर इन्स्टॉल करायचा आणि त्याच्यातून कर्नलमधे शिरायचं. २०२२ मधे एका गेमचा अँटीचीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा) ड्रायव्हर असाच वापरला गेला, आणि ज्याच्या मशीनवर वापरला त्याने तो गेम इन्स्टॉल केलेला असायचीही गरज नव्हती. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का बघा. जुन्या एखाद्या ड्रायव्हरमुळे ती चालू होत नसेल तर त्या ड्रायव्हरचं नाव तिथेच दिसेल, त्याला अपडेट करा नाहीतर काढून टाका. आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेलं खातं वापरा, कारण ड्रायव्हर टाकायला आधी अ‍ॅडमिन व्हावं लागतं.