वॉर्डातल्या पहिल्या महिन्यासाठी

अगं, पहिल्या नाइट ड्युटीची धास्ती सगळ्यांनाच असते. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

– औषध देताना "तुम्ही पाटील ना?" असं विचारू नकोस. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हण आणि केसपेपरशी ताडून बघ.

– इन्सुलिनला अजिबात घाई नको. आपल्याकडे एका मिलिलीटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशा दोन्ही वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी १०० ची. अदलाबदल झाली की डोस थेट अडीच पटीने चुकतो. भरलेली सिरिंज आणि वायल दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच दे.

– श्वास पूर्ण मिनिटभर मोज. नवीन मुली अंदाजाने २० लिहून मोकळ्या होतात. पेशंट बिघडायला लागल्याचा पहिला इशारा बऱ्याचदा तिथेच असतो.

– औषध दिलं की लगेच नोंद कर, देण्याआधी कधीच नाही.

फोनवरची ऑर्डर डॉक्टरांना परत वाचून दाखव. ते चिडले तरी तुझंच बरोबर आहे. व्हेंटिलेटर, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) वगैरे नंतर शिकशीलच. आणि ओव्हर घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती ताब्यात घेताना, शंका आली तर बेडजवळच विचार, आधीची सिस्टर निघून जायच्या आत.