अर्धा दुरुस्त झालेला वाडा ‘न पाडणाऱ्याला’ विकायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या कसबा पेठेत दोन चौकी वाडा आहे. दिंडी दरवाजा, पुढचा चौक आणि त्यावरची माडी नीट दुरुस्त झाली, मागच्या चौकाचं काम पैशांअभावी थांबलं. तिथेच दोन जुने भाडेकरू आहेत. मालकीत तीन भाऊ आणि अमेरिकेत असलेली एक बहीण. विकायचा आहे, पण बिल्डरला नाही. ‘खरेदीखतात वाडा पाडणार नाही अशी अट घातली तर पुरेल का?’

पुरणार नाही. अट लिहायला कुणाची हरकत नसते, पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ११ वाचा. पूर्ण मालकी दिल्यावर ती कशी उपभोगायची याची अट घातली, तर घेणारा ती नसल्यासारखी वागू शकतो. ‘पुढे कुणाला विकायचा नाही’ ही अट तर कलम १० खाली सरळ रद्दबातल. अमेरिकेत संवर्धन संस्थेच्या नावे घरावर कायमचा निर्बंध नोंदवता येतो, बहिणीने बहुधा तेच सुचवलं असेल. इथे खासगी घराला ती सोय नाही. कलम ११ मध्येच एक फट मात्र आहे: विकणाऱ्याकडे लगतची दुसरी जागा राहत असेल, तर तिच्या लाभासाठी घातलेला निर्बंध टिकतो, आणि कलम ४० मुळे निर्बंधाची माहिती असलेल्या पुढच्या खरेदीदारालाही तो लागू करता येतो. परसातला आड, छोटं देऊळ किंवा एखादी खोली स्वतंत्र मालमत्ता पत्रकावर तुमच्याकडे राहिली, तर या वाटेचा विचार करता येतो. विभाजन मंजूर होतं का, हे आधी नगर भूमापन कार्यालयात पाहावं लागेल. एवढ्याशा तुकड्याला ते सहसा सुखाने होत नाही.

खरा बंध बाहेरून येतो. वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे लेखी काढा. श्रेणी १ मध्ये आत-बाहेर जवळजवळ काहीच बदलता येत नाही, श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि नवा वापर मर्यादेत चालतो, श्रेणी ३ मध्ये बरीच मोकळीक असते. दुसरी गोष्ट शनिवारवाड्याची. तो केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. बंदीच्या पट्ट्यात १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. पेठेतले लोक या पट्ट्याला शिव्या घालतात. तुमच्यासाठी तो वरदान आहे, कारण पाडून उंच इमारत बांधायचं गणित करणारं गिऱ्हाईक इथे आपोआप गळतं. अंतर डोळ्यांनी मोजू नका, मोजणी नकाशावर काढून घ्या.

यादीतल्या इमारतीला हेरिटेज टीडीआरची, म्हणजे तिथे न वापरता येणारा बांधकामहक्क प्रमाणपत्राच्या रूपात दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. तो आधीच घेतला आहे का, नसेल तर पुढे कुणाचा, हे करारात एका वाक्यात लिहा. हे वाक्य राहिलं की दोन-तीन वर्षांनी दोन्ही पक्ष एकाच प्रमाणपत्रावर हक्क सांगतात.

विकण्याऐवजी लांबचा भाडेपट्टा देणं हा कमी वापरला जाणारा पण भक्कम मार्ग आहे. मालकी तुमच्याकडे राहते, त्यामुळे ‘खांब, कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत), दर्शनी भाग हलवायचा नाही, मोडल्यास पट्टा रद्द’ ही अट खरोखर अंमलात आणता येते. १० ते २९ वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर मुद्रांक शुल्क लागतं, २९ च्या पुढे गेलात की ९० टक्क्यांवर. म्हणून बहुतेक पट्टे २९ वर्षांवर थांबतात. वाड्यात राहण्याची सोय किंवा कलादालन चालवू पाहणाऱ्याला हे चालतं. ज्याला तिथे स्वतःचं घर करायचं आहे त्याला चालत नाही.

विकायचाच असेल तर सवलत आधी देऊन टाकू नका. समजा वाजवी भाव १०० आहे आणि चांगल्या माणसाला तुम्ही ९० ला द्यायला तयार आहात. खरेदीखत १०० चंच करा, वरचे १० एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे, ठेवा आणि वेगळ्या करारात परतफेडीचे टप्पे लिहा: मागच्या चौकाचं छप्पर पहिल्या पावसाळ्याआधी झालं की ४, खांब आणि तुळया झाल्या की ४, चुन्याचा गिलावा झाला की २. प्रत्येक टप्प्याला संवर्धन वास्तुविशारदाचा दाखला. याचा करहिशेब मसुद्याआधी सीएकडून करून घ्या. ‘पाडू नको’ या अटीपेक्षा ‘छप्पर घाल आणि पैसे ने’ हा करार कोर्टाशिवाय पाळला जातो.

आधीच सवलत देण्यात करही आडवा येतो. रेडी रेकनरला, म्हणजे सरकारी दरपत्रकाला, वाड्याचं प्रेम कळत नाही. त्या दरांनी येणारं मुद्रांक मूल्य करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त निघालं, तर तुमचा भांडवली नफा मुद्रांक मूल्यावर धरतात आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर बसतो. तेव्हा मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते, ती करा. १ एप्रिल २००१ चं मूल्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या (ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही) आणि त्यानंतरच्या दुरुस्तीची बिलं जोडा. गवंड्याला रोख दिलेल्या मजुरीच्या व्हाउचरवर सही, तारीख, काम नसेल तर तो खर्च हिशेबातून जातो. भावांना १२.५ टक्के विना-इंडेक्सेशन (मूळ किंमत महागाईनुसार न वाढवता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह असा पर्याय आहे. बहीण अनिवासी असेल तर तिला फक्त पहिला दर, आणि खरेदीदाराने तिच्या हिश्श्यातून कापायचा टीडीएसही मोठा असतो. कमी कपातीचा दाखला व्यवहाराच्या आधी काढावा लागतो.

बहिणीचं कुलमुखत्यारपत्र तिकडच्या सरकारी कार्यालयातून अपोस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणीकरण) करून आणा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करा. ‘तिने तोंडी सोडलंय’ हे चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा तिची सही, दोहोंपैकी एक हवंच. एखाद्या भावाने आपला अविभक्त हिस्सा आधी परक्याला विकायचा ठरवला, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ खाली वारशाने आलेल्या हिश्श्यावर बाकी वारसांचा घेण्याचा पहिला हक्क येतो, आणि राहत्या घरात परक्याला एकत्र ताबा मागता येत नाही. असा हिस्सा स्वस्तात घेऊन वाटणीचा दावा लावणं हा काहींचा धंदाच असतो. चौघांची एक लेखी किमान किंमत आणि सहा महिन्यांची मुदत ठरल्याशिवाय कुणालाही वाडा दाखवू नका. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आधी. ३० वर्षांचा शोध अहवाल आणि जाहीर नोटीस खरेदीदाराचा वकील करेलच, पण तुम्ही आधी केलीत तर गाठी तुम्हाला आधी कळतात.

भाडेकरूंचा हक्क विक्रीने संपत नाही, नवा मालक त्यांचाही मालक होतो. जतन करू पाहणारा माणूस भाडेकरूला घाबरत नाही, अंधारात ठेवलं की घाबरतो. प्रत्येकाची खोली नकाशावर, क्षेत्रफळ, चालू भाडं, शेवटची पावती, मूळ भाडेकरू हयात आहे का, असा एक पानी तक्ता द्या. सोडायला तयार असेल त्याच्याकडून ताबा सोडल्याचा दस्त नोंदवून घ्या. राहायचं असेल तर दुरुस्तीच्या काळात कुठे राहणार आणि परत कुठे येणार, हे त्रिपक्षीय करारात लिहा. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर ती लपवू नका. ती भाडेकरूकडेही असते.

आता वाडा. विकण्याआधी पैसे कुठे घालायचे याचं उत्तर एका शब्दात: छप्पर. अर्ध्यावर सोडलेल्या कामात सगळ्यात जास्त नुकसान उघड्या भिंतीच्या माथ्याचं होतं. पांढऱ्या मातीची भिंत कोरडी असेपर्यंत दगडासारखी असते. कौलं उतरवली आणि माथा एक पावसाळा भिजला, की तिचं पोट फुगतं आणि गिलावा पत्र्यासारखा सुटतो. मागच्या चौकावर कौलं परत चढवता आली तर उत्तम, नाहीतर तात्पुरते पत्रे भिंतीच्या बाहेर फूटभर काढून घाला, पागोळ्यांचं पाणी पन्हळीने चौकाबाहेर न्या. ताडपत्री टाकणार असाल तर वळचणीला हवा खेळू द्या. लाकडाला चिकटून बांधलेल्या प्लास्टिकखाली तुळई पावसाने नाही, घामाने कुजते. टेकू थेट शहाबादी फरशीवर उभे करू नका, खाली दोन इंची फळी आडवी टाकून पाचर मारा.

रंग, पॉलिश, नवी न्हाणीघरं यावर एक रुपयाही घालू नका. जाणकार खरेदीदार नवा तैलरंग पाहिला की त्याखाली काय लपवलंय ते शोधतो. तो काय करेल ते सांगतो, म्हणजे तुम्ही आधी करून पाहाल. तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, खांब टेकतो तिथे टोचणी मारेल. दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडली तर सागवान ठीक, अर्धा-पाऊण इंच आरामात गेली तर बूड कुजलंय आणि तेवढा तुकडा जोडावा लागणार. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक ठोकून आवाज ऐकेल, कारण बाहेरून दिसणारी तुळई नेहमीच चांगली असते. गिलाव्यावर पाण्याचे थेंब शिंपडेल. चुना ते पिऊन टाकतो, अॅक्रिलिक रंगावरून ते ओघळतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा, म्हणजे पांढरा खार, दिसला तर कुणीतरी खाली सिमेंटचा पट्टा मारलाय हे त्याला न सांगता कळतं. नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर अशा सिमेंटच्या दुरुस्त्या बऱ्याच झाल्या. त्या पट्ट्यामुळे भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही, वर चढतो आणि तुळयांच्या टोकांपर्यंत जातो. माडीच्या कडीपाटावर कोबा घातला असेल तर जाडी सांगा: दोन इंची काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२० किलो, आणि कड्या ते वजन धरायला बसवलेल्या नव्हत्या.

भेगांवर आजच काचपट्ट्या चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा पट्टी अखंड राहिली, तर ‘भेग जुनी आहे’ हे तुम्हाला पटवून द्यावं लागत नाही.

झालेल्या कामाची फाईल ही वाड्याइतकीच विकली जाते. त्यात मोजमापाचे नकाशे, कामाआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो, चुन्याचं प्रमाण (१ चुना ३ वाळू होतं की त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, होती, चुना किती दिवस मुरवला), लाकूड कुठून आणलं, वाळवीसाठी काय मारलं, हे असू द्या. गिलाव्याचे आणि सांधकामाचे नमुने बाटलीत ठेवा. राहिलेल्या कामाचा अंदाज ‘अंदाजे अमुक लाख’ असा न देता मोजून द्या. मागच्या चौकात ८ बाय ८ इंची, ९ फुटी सहा खांब बदलायचे असतील तर एका खांबाला ४ घनफूट, एकूण २४ घनफूट सागवान, अधिक कापणीतली तूट. त्या मापाचं जुनं सागवान बहुतेक दुसरा वाडा पाडून आलेलं असतं, त्याला इलाज नाही.

अशा वाड्याला गृहकर्ज देताना बँकेचे मूल्यांकक हात आखडता घेतात, म्हणून स्वतःच्या पैशाने घेणाराच शोधावा लागतो. संवर्धन वास्तुविशारद, वारसा जतन करणाऱ्या इंटॅकसारख्या संस्थेचा स्थानिक विभाग, वाड्यात राहण्याची सोय चालवणारे, यांच्याकडून शब्द पसरू द्या. आलेल्याला एकच विचारा: याआधी कोणती जुनी इमारत हाताळली? तिथे जाऊन या, आणि मालकाऐवजी तिथल्या सुताराशी बोला. ‘दर्शनी भाग ठेवू, मागे नवं बांधू’ म्हणणारा प्रामाणिक असेलही, पण तो तुमचा खरेदीदार नाही.

कोरीव कामाचे फोटो पत्त्यासह इंटरनेटवर टाकू नका. बंद वाड्यातून सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि महिरपी रातोरात जातात. मागच्या चौकातून काढून ठेवलेले खांब, दारं, कडी-कोयंडे यांना क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले ठोका, जमिनीपासून सहा इंच वर दांड्यांवर रचा आणि यादी करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडा. शंभर वर्षांहून जुना, इमारतीतून सुटा केलेला भाग पुरावस्तू कायदा, १९७२ खाली येऊ शकतो, त्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. झोपाळ्याच्या कड्या आणि देव्हारा कुणा भावाला हवा असेल, तर तो याच यादीत ‘विक्रीत नाही’ म्हणून लिहा आणि पहिला खरेदीदार यायच्या आधी घरी नेऊन ठेवा.