जुनी डिस्क लगेच पुसू नका

नव्या एसएसडीवरून (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क) कॉम्प्युटर सुरू कसा करायचा, हे विचारणारे मेसेज दर आठवड्याला येतात. बहुतेकांचा गोंधळ तोच असतो, म्हणून पाच प्रश्न इथे घेतो.

१ टीबीची एसएसडी घेतली, विंडोज ९३१ जीबीच दाखवतं. फसवलं का?

नाही. कंपनी १००० च्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या.

लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट आहे, त्यात एनव्हीएमई एसएसडी नीट बसली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) मात्र दिसत नाही.

एम.२ हा नुसता आकार आहे. त्या आकारात एनव्हीएमई आणि साटा अशा दोन वेगळ्या पद्धतीने जोडणाऱ्या एसएसडी येतात. काही स्लॉट फक्त साटा एसएसडी ओळखतात. ‘सगळ्यात चालते’ म्हणून गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका. लॅपटॉपचा मॉडेल नंबर जाणकाराला दाखवा, तोवर बिल जपून ठेवा.

नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकलं. जुनी हार्डडिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली होती ना? इन्स्टॉलरला तिच्यावर आधीचं ईएफआय पार्टिशन, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या (बूटच्या) फायलींचा छोटा कप्पा, सापडलं आणि नव्या विंडोजच्या त्या फायली तिथेच गेल्या. नव्या डिस्कवर अजून तुमचं काही नसेल, तर जुनीची केबल काढा आणि विंडोज पुन्हा टाका. काम साठलं असेल तर ईएफआय पार्टिशन नव्याने करावं लागेल. ते व्हिडिओ बघून करू नका, माहीतगाराला समोर बसवून करून घ्या.

जुन्या हार्डडिस्कमधून दोन महिने टकटक आवाज येतोय. मित्र म्हणतो, क्लोन कर (सगळी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरव) आणि जुनी फॉरमॅट करून फोटोंसाठी वापर. एसएसडी सेलमध्ये घेऊ का?

दोन महिने! कॉम्प्युटर आत्ता बंद करा. सेलचं नंतर बघू. डिस्कच्या आत प्लेट मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. टकटक होते, तेव्हा बहुधा त्या हेडला आपली जागा सापडत नसते. क्लोन करणारं सॉफ्टवेअर अशा डिस्कला तासन्‌तास कोपरा न्‌ कोपरा वाचायला लावतं. आजारी माणसाला सिंहगड चढायला लावण्यातला हा प्रकार आहे.

गेल्या पावसाळ्यात एक काका अशी डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आले. कुठल्याशा दुकानात ती रात्रभर क्लोनला लावली होती. मी ती रिकव्हरी लॅबकडे पाठवली. त्यांनी झाकण उघडून काढलेल्या फोटोत प्लेटवर नखाने ओढावी तशी गोल रेघ होती. मुलीच्या लग्नाचे फोटो त्या रेघेत गेले. आवाज सुरू झाला त्याच दिवशी आले असते, तर आशा होती.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही कुणी देईल. ऐकू नका, आत दव धरतं. डेटा हवा असेल तर थेट रिकव्हरीवाल्याला दाखवा. आणि ही डिस्क पुन्हा फोटोंसाठी? मुळीच नाही. ज्यांची डिस्क धडधाकट आहे त्यांनीही आधी फोटो, कागदपत्रं तिसऱ्या जागी कॉपी करावीत, मगच क्लोनला हात घालावा. नव्या डिस्कवर महिनाभर सुरळीत काम होईपर्यंत जुनी पुसू नये.

क्लोन झाल्यावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की मागतो.

तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा. की मिळेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका.